शरणपूर : नाशिकजवळच्या एका आफ्रिकी वस्तीचा इतिहास

नाशिककरांना शरणपूर रोड ठाऊक नाही असे होत नाही. महानगरपालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन या रस्त्यावर आहे, कॅनडा कॉर्नर नावाचा गजबजलेला चौकही याच रस्त्यावर आहे. रिक्षावाल्याला ‘शरणपूर’ एवढे म्हटले तरी पुरते. मात्र शरणपूर म्हणजे काय, आणि या गावात कोण कोणाला शरण आले होते, असा प्रश्न आम्ही एकदा आमच्या पदव्युत्तर वर्गात विचारला, तेव्हा उत्तर मिळाले नाही. कोणी म्हणाले, एखाद्या संस्थानिकाचे नाव असेल. कोणी म्हणाले, एखाद्या महाराजांचा मठ असेल. वर्गातील बहुतेक मुले त्याच रस्त्याने रोज ये-जा करणारी होती. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर हे नाशिकच्या पश्चिमेला, गावठाणाबाहेर वसवलेले एक छोटे ख्रिस्ती खेडे होते. तेथे सुमारे दीड दशक पूर्व आफ्रिकेतून आलेली मुले आणि तरुण माणसे राहत होती. गुलाम म्हणून विकली गेलेली, समुद्रावर सोडवली गेलेली आणि अरबी समुद्र ओलांडून गोदावरीकाठी आणून ठेवलेली ही माणसे होती. त्यांच्यापैकी काहींची नावे जगाच्या इतिहासात नोंदली गेली. मराठी इतिहासलेखनात आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना जवळजवळ स्थान नाही. प्रस्तुत लेखात या वस्तीची हकीकत सांगण्याचा आणि तिच्या नावाचा अर्थ तपासण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आफ्रिकी माणूस महाराष्ट्राला अपरिचित नव्हता, हे आधी नमूद करायला हवे. हबशी आणि सिद्दी हे शब्द आपल्या बखरींत, कागदपत्रांत आणि बोलण्यात शतकानुशतके आहेत. गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला आणि १६२६ मध्ये मरण पावला, तोपर्यंत दख्खनच्या राजकारणाचे आणि महसूलपद्धतीचे रूप त्याने बदलून टाकले होते. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. हे आफ्रिकी लोक तलवारीच्या आणि सत्तेच्या बळावर इतिहासात शिरले. शरणपूरच्या आफ्रिकींपाशी यातले काहीच नव्हते. ते आले तेव्हा त्यांच्यातले बहुतेक लहान होते, आणि आपण कुठे जात आहोत हे त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः झांजिबारमार्गे, गुलामांची मोठी वाहतूक अरबस्तान आणि इराणी आखाताकडे होत असे. ब्रिटिश आरमाराची गस्तीची जहाजे गुलाम वाहून नेणारी गलबते पकडत. सुटलेल्या माणसांचे पुढे काय करायचे हा प्रश्न लगेच उभा राही. ज्या किनाऱ्यावरून त्यांना आणले होते तेथे पुन्हा सोडणे म्हणजे पुन्हा बाजारात उभे करण्यासारखेच होते. म्हणून त्यांच्यापैकी काहींना एडनला, काहींना सेशेल्सला आणि काहींना मुंबईला उतरवले जाई. मुंबईत अशी मुले घरोघरी कामाला किंवा मिशनरी संस्थांकडे सोपवली जात. ज्या हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीचे कायदेशीर अस्तित्व संपवले होते, त्याच हिंदुस्थानात ही सुटलेली मुले एका हातातून दुसऱ्या हातात जात होती.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून होते. पहिल्या मिशनऱ्यांमध्ये चार्ल्स पिनहॉर्न फरार हे नाव येते. पुढे विल्यम सॉल्टर प्राइस आले आणि त्यांनी १८५४ मध्ये शहराबाहेर शरणपूर वसवले. धर्मांतरामुळे जातीतून आणि घरातून बाहेर पडलेल्या माणसांना राहायला जागा, अनाथ मुलांना शाळा, आणि हाताला काम देण्यासाठी सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या धंद्यांचे शिक्षण, अशी या गावाची कल्पना होती. ‘शरणपूर’ या नावामागची कल्पना बायबलच्या जुन्या करारातील आश्रयनगरांशी मिळतीजुळती आहे. नकळत हातून मनुष्यवध झालेल्या माणसाला सूडापासून वाचण्यासाठी पळून जाता यावे म्हणून इस्राएलमध्ये सहा नगरे नेमलेली होती. त्या नियमाचा एक तपशील आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्या काळचा मुख्य याजक वारला की शरणागताला आपल्या गावी परतण्याची मुभा असे. आश्रयाला शेवट होता, आणि त्या शेवटी घर होते.

१८६० मध्ये मुंबईतील आफ्रिकी मुलांचे आश्रयगृह शरणपूरला आणण्यात आले. या कामाशी निगडित असलेले एक नाव भाषेच्या अभ्यासकांना विशेष वाटेल. कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हे जर्मन मिशनरी आधी इथिओपियात होते. तेथून त्यांना हाकलून लावण्यात आले, पण त्यांनी अम्हारिक भाषेचा कोश १८४१ मध्ये आणि व्याकरण १८४२ मध्ये प्रसिद्ध केले होते. नंतर ते मुंबईस आले. आफ्रिकेतून बाहेर काढलेला जर्मन माणूस आणि आफ्रिकेतून पळवून आणलेली मुले यांची गाठ पश्चिम हिंदुस्थानात पडली.

शरणपूरच्या आफ्रिकींविषयी बोलताना त्यांच्या नावांपाशी थांबावे लागते. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कारस फरार, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, अब्राहम परेरा, एडवर्ड गार्डनर ही नावे पाहा. प्राइस, इझेनबर्ग, फरार ही आडनावे नाशिक-मुंबईच्या मिशनऱ्यांचीच आहेत. बाप्तिस्म्याबरोबर नवे नाव येणे ही ख्रिस्ती रीत आहे. मराठी ख्रिस्ती समाजातही ती होती. पण बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले तरी बाबा पदमनजीच राहिले, आणि नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तरी टिळकच राहिले. त्यांच्या नावांतून गाव, कूळ आणि बाप सुटले नाहीत. शरणपूरच्या मुलांची आईबापांनी ठेवलेली नावे बहुतेक हरवली. ज्यांनी आसरा दिला त्यांची नावे त्यांच्या अंगावर चढली. आश्रयाची किंमत कशी मोजली जाते, याचे हे पहिले आणि सर्वांत साधे उदाहरण होय.

या वस्तीचे नाव युरोपात पोहोचले ते डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. आपल्या शेवटच्या प्रवासाच्या तयारीसाठी तो १८६५ मध्ये मुंबईत आला. शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला निघाले. १८६६ च्या आरंभी ही मंडळी मुंबईहून झांजिबारला गेली. प्रवासवर्णनांत त्यांना ‘नाशिकची मुले’ असे म्हटले जाऊ लागले आणि तेच नाव रूढ झाले. त्याच मोहिमेतील चूमा हा मात्र मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेला होता. त्याची गणना पुष्कळदा नाशिककरांत केली जाते, ती चूक आहे.

लिव्हिंग्स्टनच्या दैनंदिनीत या मुलांविषयी चांगले शब्द थोडे आणि तक्रारी पुष्कळ आहेत. ती आळशी आहेत, ओझे नीट वाहत नाहीत, असा त्याचा सूर वारंवार लागतो. परंतु याच दैनंदिनीत १८६६ च्या जुलै महिन्यातील एक नोंद आहे. आज उत्तर मोझांबिकमध्ये मोडणाऱ्या याओ लोकांच्या प्रदेशात, मटाका नावाच्या सरदाराच्या गावी, अब्राहमला गर्दीत आपला मामा की काका असा एक जवळचा नातेवाईक दिसला. ओळख पटली. तेव्हा कळले की अब्राहमला पळवून नेल्यानंतर त्याची आई आणि दोघी बहिणीही विकल्या गेल्या होत्या. नातेवाइकाने राहा म्हणून आग्रह केला, सरदाराने केला, खुद्द लिव्हिंग्स्टननेही केला. काही महिने पोट भरेल एवढा माल देण्याचीही त्याची तयारी होती. अब्राहम राहिला नाही. जेथे आई आणि बहीण उरली नाही तेथे आपण राहून करायचे काय, अशा आशयाचे उत्तर तो प्रत्येक वेळी देत राहिला.

आश्रयनगराच्या नियमातील ‘शेवटी घर’ हा तपशील आम्ही वर सांगितला तो यासाठी. अब्राहमला परतीची वाट मिळाली होती, गावही सापडले होते, पण त्या गावात त्याचे घर नव्हते. ‘मुक्त केलेल्या गुलामाला मायदेशी परत पाठवणे’ ही त्या काळातील दयाळू माणसांची आवडती कल्पना होती. ती किती अपुरी होती हे या एका नकारातून कळते. आणि हा नकार आपल्यापर्यंत पोहोचला तो दुसऱ्याच्या दैनंदिनीतून, ओझरत्या नोंदीसारखा, हेही साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

नऊ जणांपैकी रिचर्ड इझेनबर्ग पहिल्याच वर्षी वारला. काही वाटेत सोडून गेले. शेवटपर्यंत लिव्हिंग्स्टनबरोबर राहिलेल्या पाच जुन्या सोबत्यांत दोघेच शरणपूरचे होते. १८७२ मध्ये मदत म्हणून जी नवी माणसे त्याच्याकडे पाठवली गेली त्यांत शरणपूरचे आणखी सहा जण होते. जेकब वेनराइट, कारस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांपैकी तीन नावे.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या माणसांनी घेतलेला निर्णय सुप्रसिद्ध आहे. त्यांनी हृदय आणि आतडी तेथेच एका झाडाखाली पुरली, शव मीठ लावून उन्हात वाळवले आणि ते समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेले. या प्रवासाला नऊ महिन्यांच्या आसपास लागले. शव टिकवण्याच्या कामात कारस फरारचा हात होता. दफनाच्या वेळची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. नाशिकच्या शाळेत गिरवलेली अक्षरे अशा रीतीने मध्य आफ्रिकेतल्या एका झाडावर उमटली. पुढे १८९९ मध्ये ते झाड तोडून कोरीव भाग लंडनला नेण्यात आला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट हा एकच आफ्रिकी होता.

वेनराइटने या प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत लिहिली होती. शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या माणसाने लिहिलेला हा स्वतंत्र ग्रंथच म्हणावा लागेल. त्याचे नशीब मात्र विलक्षण ठरले. १८७४ मध्येच त्याचे जर्मन भाषांतर एका भूगोलविषयक नियतकालिकात छापले गेले, पण मूळ इंग्रजी संहिता वाचकांपुढे आली ती २०१९ मध्ये, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांचा जो वृत्तान्त १८७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तो होरेस वॉलरने सूसी आणि चूमा यांच्या तोंडी सांगण्यावरून जुळवला होता. ज्याने स्वतः लिहिले होते त्याचे लेखन बाजूला राहिले. तोंडी सांगणारा सेवक संपादकाला सोयीचा असतो, कारण त्याच्या शब्दांना आकार देता येतो; लिहिणारा सेवक तितका सोयीचा नसतो. असे म्हणणे हा आमचा तर्क आहे, पण संपादनाच्या इतिहासाची ज्यांना थोडी ओळख आहे त्यांना तो अगदीच अनाठायी वाटणार नाही.

लंडनच्या भूगोल संस्थेने शव वाहून आणणाऱ्या साठ माणसांसाठी पदके पाडली. त्यांवरील मजकुराचा भाव अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिल्याचा होता. येथून पुढे शरणपूरच्या आफ्रिकींची एकच प्रतिमा जगात रूढ झाली, ती स्वामिनिष्ठ सेवकाची. नाशिकमध्ये कधी या लोकांचा उल्लेख झालाच तर तोही याच अंगाने होतो. आम्हांला ही प्रतिमा अपुरी वाटते, आणि तिचे कारण शरणपूरच्याच दुसऱ्या एका रहिवाशाच्या चरित्रात सापडते.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये झांजिबारला गेले. त्याच वर्षाच्या जूनमध्ये झालेल्या तहाने तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. सुटणाऱ्या माणसांसाठी आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी होती. ती उभारण्यासाठी शरणपूर वसवणाऱ्या प्राइस यांनाच पाठवण्यात आले. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर फ्रिअरटाउन वसले. त्यासाठी शिकलेली, हातात धंदा असलेली आणि ख्रिस्ती झालेली आफ्रिकी माणसे हवी होती, आणि ती शरणपुरात तयार होती. हळूहळू सुमारे दीडशे माणसे तिकडे गेली. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे नाव मिळाले. नाशिकमध्ये ज्यांना सगळे आफ्रिकी म्हणत त्यांना आफ्रिकेत मुंबईकर म्हणू लागले! इकडे शरणपुरातील आश्रयगृह संपले. गाव उरले ते मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे.

या बॉम्बे आफ्रिकन्सपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबई येथे कामासाठी एकदा पाठवण्यात आले होते. १८८५ मध्ये दोघांनाही डीकन म्हणून दीक्षा मिळाली. त्याच वर्षी जोन्स बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मोजकी माणसे घेऊन पुढे गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मारले गेले. मागे राहिलेला तांडा जोन्सने परत आणला. १८८६ च्या आरंभी तो रबईत शिरला तेव्हा त्याच्या पुढे एक निळे निशाण होते, आणि त्यावर बायबलमधला, वैभव लोपल्याचा अर्थ सांगणारा एकच शब्द पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला होता.

मात्र जोन्सची आमच्या मते सर्वांत मोठी कामगिरी तांड्यातली नाही. ती रबईतली आहे. मोंबासाच्या आसपासच्या बागाईतदारांकडे अजूनही गुलाम होते. झांजिबारचा बाजार बंद झाला होता, पण घरी राबणाऱ्या गुलामाची मालकी कायद्याने शाबूत होती. पळून आलेल्या गुलामाला मिशनने ठेवून घेऊ नये असे मालकांचे म्हणणे होते, आणि भांडण नको म्हणून मिशनच्या वरिष्ठांचे धोरणही तसेच होते. जोन्सच्या देखरेखीखालील रबईत मात्र पळून आलेली माणसे येत राहिली, झोपड्या बांधून राहत राहिली आणि शेती करत राहिली. १८८८ मध्ये प्राइस पुन्हा पूर्व आफ्रिकेत आले, तेव्हा हे उघडकीस आले. रबईत शेकडो पळून आलेले गुलाम होते. मालक हत्यारे घेऊन चालून येतील अशी भीती निर्माण झाली. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला देऊन प्रश्न सोडवला, आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

हा प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा मनाशी आणतो. प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ एक गाव वसवून त्याला शरणपूर हे नाव दिले. तेथे वाढलेल्या एका मुलाने चौतीस वर्षांनी, त्याच प्राइस यांच्या संस्थेचे धोरण बाजूला सारून, समुद्रापलीकडे दुसरे शरणपूर उभे केले होते. फरक होता तो असा. नाशिकच्या शरणपुरात माणसे आणली जात. आरमाराने सोडवायचे, सरकारने सोपवायचे, संस्थेने नाव ठेवायचे, हा क्रम होता. रबईला माणसे आपल्या पायांनी, स्वतः ठरवून, जीव धोक्यात घालून येत होती. आणि दार उघडणारा माणूस दुसऱ्या खंडातून आलेला उपकारकर्ता नव्हता. गुलामी कशी असते हे त्याला स्वतःच्या देहावरून माहीत होते. मराठीत ‘शरण जाणे’ याचा पहिला अर्थ हार मानणे असा होतो, पण ‘शरणागताला अभय’ हा संकेतही आपल्याच परंपरेतला आहे. शरणपूरच्या आफ्रिकींचा इतिहास या शब्दाच्या पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे गेला, असे आम्हांला वाटते. स्वामिनिष्ठेच्या पदकांत हा प्रवास मावत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. शरणपूरच्या मिशनऱ्यांनीच त्यांना वाचायला, लिहायला आणि लोखंड घडवायला शिकवले. ते नसते तर वेनराइटची दैनंदिनी आणि जोन्सचे रबई कोठून आले असते? आक्षेप योग्य आहे, आणि तो आम्ही नाकारत नाही. प्राइस किंवा इझेनबर्ग यांना खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी मुलांना बाजारापासून वाचवले, हे साधे सत्य आहे. परंतु दिलेल्या आश्रयाचा खरा कस तो घेणारा पुढे काय करतो यात लागतो. जोन्सने आश्रयाचे ऋण आश्रयदात्यालाच परत न करता, जे अजून दाराबाहेर उभे होते त्यांना दिले.

वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. बॉम्बे आफ्रिकन्सचे वंशज केनियात आहेत आणि फ्रिअरटाउन आज मोंबासा शहराचा भाग आहे. शरणपूरही तसेच नाशिक शहरात मिसळून गेले. दोन्ही खेडी शहरांच्या पोटात गेली. एकाची आठवण तिकडच्या चर्चमध्ये आणि घराण्यांत जपली जाते. दुसऱ्याची रस्त्याच्या पाटीवर उरली आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्य शिकवताना आपण ‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांची नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. लक्ष्मीबाईंचे माहेर जलालपूर नाशिकपासून दूर नाही. पण त्यांच्या जन्माच्या वेळी, १८६८ मध्ये, त्याच नाशिकजवळ एका शाळेत याओ, न्यासा अशा देशांतून आलेली मुले शिकत होती, ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही. त्यांनी मराठीत काही लिहून ठेवले नाही, म्हणून ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बसत नाहीत, असे म्हणता येईल. तरीही एखाद्या प्रदेशाच्या वाङ्मयीन इतिहासात तेथे शिकून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांना एखादे प्रकरण असायला हरकत नसावी. आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे की पुढच्या वर्षी पहिल्याच तासाला शरणपूर रोडच्या नावापासून सुरुवात करायची, आणि वेनराइटच्या दैनंदिनीतील दोन पाने वर्गात वाचायची.